कपाटाला पाठ टेकेपर्यंत

छायाचित्रणाचा छंद जडल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत छायाचित्रे काढण्यात जितका वेळ गेला, त्याहून कितीतरी अधिक वेळ मी लेन्सविषयी वाचण्यात घालवला, हे कबूल केलेले बरे. कधी हातातही न घेतलेल्या लेन्सचे वजन, तिच्यातल्या काचांची संख्या आणि तिला लागणाऱ्या फिल्टरचा व्यास मला तोंडपाठ होता. स्वतःच्या कॅमेऱ्यावर शटरचा वेग बदलणारी चकती कोणती, हे मात्र दर वेळी चाचपडून पाहावे लागे. हव्या असलेल्या वस्तूंची यादी मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत असे, आणि दर आठवड्याला त्या पानावरची जागा कमी पडू लागली होती.

कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स १८ ते ५५ मिलिमीटरची होती (हा आकडा जितका मोठा, तितके दृश्य जवळ दिसते आणि चौकटीत कमी मावते). अशा लेन्सला ‘किट लेन्स’ म्हणतात, आणि जाणकार मंडळी हे नाव अशा सुरात उच्चारतात की नवशिक्याला तिची उगाचच लाज वाटू लागते. मीही माझ्या प्रत्येक फसलेल्या छायाचित्राचे खापर तिच्याच माथी फोडत असे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण मला ठाऊक नव्हती असे नाही. परंतु अंगण खरोखरच वाकडे आहे की काय, हे एकदा ओळंबा लावून पाहण्याची बुद्धी मला फार उशिरा सुचली.

ती सुचली आजीच्या एका छायाचित्रामुळे. संध्याकाळी खिडकीशी बसून ती सुईत दोरा ओवत होती. दोऱ्याचे टोक ओठांत ओले करून, सुई उजेडाकडे धरून, एक डोळा बारीक करून ती तिसऱ्या-चौथ्यांदा प्रयत्न करत होती आणि मी तिला न कळू देता भराभर छायाचित्रे काढत होते. नंतर मोठ्या पडद्यावर पाहिले, तर नेमकी बोटे आणि सुई धुरकट. माझा हात हलला असणार, तेव्हा आता ट्रायपॉड, म्हणजे कॅमेऱ्याची तिपाई, घ्यायलाच हवा, असा निष्कर्ष मी तत्काळ काढला. पण चित्र मोठे करून पाहिल्यावर खिडकीचे गज रेघ ओढल्यासारखे स्पष्ट दिसले. कॅमेरा हलला असता तर गजही हलले असते. हलली होती ती आजीची बोटे, आणि त्यांना थोपवणे जगातल्या कोणत्याही ट्रायपॉडला शक्य नव्हते.

प्रत्येक छायाचित्रासोबत कॅमेरा आपल्या हिशेबाची नोंद ठेवतो. या चित्राची नोंद होती ५५ मिलिमीटर, एफ ५.६, १/२० सेकंद. शेवटचा आकडा शटर किती वेळ उघडे राहिले त्याचा; आणि एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. ५५ मिलिमीटरला एफ ५.६ म्हणजे उजेड आत येण्याचे छिद्र जेमतेम एक सेंटिमीटर रुंद, आणि त्या टोकाला ही लेन्स त्याहून अधिक उघडतच नाही. त्याऐवजी ५० मिलिमीटर, एफ १.८ ची साधी, झूम नसलेली लेन्स असती तर छिद्र पावणेतीन सेंटिमीटरचे झाले असते, साधारण नऊ-दहा पट उजेड आत आला असता आणि १/२० च्या जागी १/२०० सेकंद पुरले असते. अंगण, निदान या एका बाबतीत, वाकडे होते तर! मग मी सगळ्याच जुन्या चित्रांच्या नोंदी चाळल्या. खोलीच्या आत, मंद उजेडात, ५५ च्या टोकाशी काढलेली माणसे निम्म्याहून अधिक निघाली. यादीत पहिल्या क्रमांकावर असलेली भलीमोठी दूरपल्ल्याची लेन्स ज्यासाठी लागेल, असा एकही पक्षी त्यांत नव्हता.

ती दूरपल्ल्याची लेन्स एका स्नेह्याने दोन दिवसांसाठी वापरायला दिली होती, तेव्हा मी मोठ्या उमेदीने चंद्र टिपला. ३०० मिलिमीटरच्या लेन्सनेही चंद्राची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, पावणेतीन मिलिमीटरच्या आसपासच पडते. काळ्या चौकटीत एक बटण शिवल्यासारखे ते चित्र दिसत होते. लेन्स साभार परत केली.

५० मिलिमीटरची लेन्स घेताना माझ्या मनात थोडा थोरामोठ्यांचा आधारही होता. विख्यात फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम लायका कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स एवढ्यावर केले, मग आपले का अडावे? अडले ते गणितात. त्यांची फिल्म ३६ गुणिले २४ मिलिमीटरची; माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर त्याहून लहान, दीड पटीचा फरक पाडणारा. म्हणजे त्यांच्या ५० मध्ये जेवढे दृश्य मावे, तेवढे माझ्या ५० मध्ये मावत नाही. माझी चौकट त्यांच्या ७५ मिलिमीटरइतकी आखूड होते. आजी आणि खिडकी दोन्ही चौकटीत घ्यायची, तर मागे सरकत सरकत माझी पाठ कपाटाला टेकते.

शिवाय एफ १.८ चे छिद्र पूर्ण उघडले की एक मीटरवरून स्पष्टतेची पट्टी फक्त तीन सेंटिमीटरच्या आसपास उरते. पहिल्या दिवशी आजीच्या पापण्या एकेक मोजता येतील इतक्या स्वच्छ आल्या आणि सुई पुन्हा धुरकट, या वेळी वेगळ्या कारणाने. एवढा हौसेने विकत घेतलेला उजेड थोडा परत करून मी छिद्र एफ ४ वर आणले, उरलेली तूट आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाविषयीची संवेदनशीलता, वाढवून भरून काढली आणि त्यामुळे चित्रात उमटणारा थोडा रवा, म्हणजे बारीक ठिपके, चालवून घेतला. सुई, दोरा आणि बारीक केलेला डोळा, तिन्ही एकदाची एका चित्रात आली. ‘आधी तो दोरा ओवून दे, मग काय ते काढ,’ असे आजी त्यानंतर म्हणाली, त्यामुळे चौथा प्रयत्न झाला नाही.

यादीतले ट्रायपॉड, पिशव्या आणि तीन प्रकारचे फिल्टर मी खोडले आहेत. ओलाव्याने काचेवर बुरशी धरू नये म्हणून झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या मात्र राहू दिल्या, कारण ती भीती खरी आहे. आता पानावर नवी नोंद फक्त एकच आहे, ३५ मिलिमीटरची. नोंदी चाळल्या तर तिचे कारणही सापडते. खोलीतली कितीतरी चित्रे कडेला कापली गेली आहेत. तरीही ती घेण्यापूर्वी कपाट दोन फूट बाजूला सरकवता येते का, ते या रविवारी पाहणार आहे. त्यातली पुस्तके मात्र आधी उतरवावी लागतील.