ऊबच हवी, तर घरी का येत नाहीस?

गेली बारा वर्षे विचारणारी माणसे बदलत गेली, प्रश्न मात्र तोच राहिला. नात्यातल्या लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या काकूंनी तो विचारला, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये माझ्याबरोबर जपानी शिकलेल्या मैत्रिणींनी विचारला, आणि फेब्रुवारीतला हिममहोत्सव पाहायला तोक्योहून येणारी मराठी कुटुंबे माझ्याकडे पिठले-भात जेवताना दर वर्षी न चुकता विचारतात. जपानच्या उत्तरेकडच्या साप्पोरोच्या थंडीला तू विटली आहेस, दर हिवाळ्यात दक्षिण टोकाच्या उबदार ओकिनावा बेटांवर बिऱ्हाड हलवण्याची भाषा करतेस, मग ऊबच हवी असेल तर रत्नागिरी काय वाईट आहे? घरी का येत नाहीस? तुम्ही विचारलेत म्हणून, आणि आजवर मी दिलेले उत्तर अपुरे होते म्हणून, हे लिहीत आहे.

आजवरचे उत्तर कागदपत्रांचे होते. जपानमध्ये कायम वास्तव्याचा परवाना मागायचा तर साधारणपणे सलग १० वर्षे इथे राहिलेले असावे लागते, आणि म्हातारपणीच्या पेन्शनसाठीही किमान १० वर्षांचा भरणा लागतो. मी २०१३ च्या ऑक्टोबरात आले, त्यामुळे 'अजून इतकी वर्षे राहिली' एवढे सांगितले की समोरच्याचे समाधान होत असे आणि माझी सुटका होत असे. गेल्या वर्षी तो परवाना हातात आला. तेव्हापासून तुमच्या प्रश्नाला धार आली आहे, आणि माझ्याकडे आडोसा उरलेला नाही.

आधी थंडीविषयी नीट सांगते, कारण मी नाजूक आहे अशी तुमच्यातल्या बऱ्याच जणांची समजूत आहे. १९ लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरावर एका हिवाळ्यात एकूण सुमारे ५ मीटर बर्फ पडतो. जानेवारीचे सरासरी तापमान उणे ३ अंशांच्या आसपास असते, आणि हा आकडा ऐकून लेह पाहून आलेले लोक मला 'एवढेच का?' असे म्हणतात. पण त्रास त्या आकड्याचा नाही, रोजच्या कामाचा आहे. पहाटे साडेपाचला उठून पडद्याची कड बाजूला करायची आणि रात्रीत किती साचले याचा अंदाज घ्यायचा; मग 'मामासान डंप' नावाचे रुंद सुपासारखे ढकलफावडे घेऊन दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करायची; ती झाली न झाली तोच महापालिकेचे यंत्र रस्ता साफ करत येते आणि रस्त्यावरचा घट्ट बर्फ पुन्हा आपल्याच दाराशी लोटून जाते. चार दिवस बाहेरगावी जायचे असेल तर मुख्य तोटी बंद करून घरातल्या नळांमधले सगळे पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर आत गोठून नळ फुटतात. डिसेंबरात दुपारी चारला सूर्य मावळतो. लहानपणी मी रेशनच्या दुकानात डबा घेऊन रॉकेलच्या रांगेत उभी राहत असे. इथे तेच रॉकेल गाणे वाजवत येणारी गाडी दाराशी आणून टाकीत भरते आणि त्यावर माझे घर तापते.

हो, घर तापते, चांगले तापते. इथले लोक जानेवारीत घरात अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात बसून आइस्क्रीम खातात. म्हणून 'थंडी वाजते' हे माझे दुःख नव्हेच. नोव्हेंबर ते मार्च माझ्या घराचे दार क्षणभर उघडते आणि लगेच बंद होते, खिडक्यांना काचांचे दुहेरी थर असतात, आणि शेजारच्या घरात माणूस आहे की नाही हे फक्त धुराड्यावरून कळते. मला दिवसभर उघडे असलेले दार हवे आहे. मी पडवीत वाढले. आमच्याकडे दार रात्री निजताना लावत, आणि तेही कुत्र्यासाठी.

आता जे कधी सांगितले नाही ते सांगते.

२०१९ च्या जानेवारीत, मधेच एक दिवस तापमान शून्याच्या वर गेले, रस्त्यावरचा बर्फ वितळला आणि संध्याकाळी त्याची काच झाली. अशा रस्त्याला इथे 'त्सुरुत्सुरु' म्हणतात, आणि त्यासाठी चौकाचौकांत खडीच्या पिशव्या भरलेल्या पेट्या ठेवलेल्या असतात. कोणीही पिशवी फोडावी आणि आपल्यापुढे खडी टाकत जावे. मी त्या पेटीवरून पुढे गेले. सहावा हिवाळा होता, पावले कशी टाकायची ते मला येते असे मी समजत होते. रस्त्याच्या मधोमध दोन्ही पाय एकदम सुटले आणि सगळा भार उजव्या हातावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. शाळेच्या गणवेशातल्या एका मुलाने माझी टोपी उचलून दिली, बर्फ झटकून दिली, आणि मला उठता येत नाही हे लक्षात आल्यावर तो रुग्णवाहिका येईपर्यंत माझ्या शेजारी उकिडवा बसून राहिला.

मनगटात धातूची पट्टी बसवायची ठरले. दाखल होताना एक अर्ज भरायचा होता आणि त्यात जामीनदाराचा रकाना होता: नाव, नाते, जपानमधला पत्ता. डावा हात लिहायला वळत नव्हता म्हणून परिचारिका लिहून घेत होती. माझे नाव, जन्मतारीख, कामाचे ठिकाण हे सगळे झाले, आणि त्या रकान्यापाशी तिने पेन उचलून धरले. ती अदबीने थांबली होती, आणि तिच्या त्या थांबण्यापुढे मला काही सुचेना. शेवटी मी खालच्या मजल्यावरच्या आजींचे नाव सांगितले. त्या ७८ वर्षांच्या होत्या, आणि पाच वर्षांत आमचे बोलणे बर्फ आणि कचऱ्याचे वार यांपलीकडे गेलेले नव्हते. 'नाते' या शब्दापुढे परिचारिकेने 'ओळख' असे लिहिले. आजी दुसऱ्या दिवशी त्या बर्फातून बसने आल्या, शिक्का मारला, चार संत्री ठेवली आणि गेल्या.

त्या रात्री आठला मी घरी फोन केला. तुमच्याकडे साडेचार वाजले होते, चहाची वेळ. फोन वहिनीचा होता आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवलेला होता. पडल्याचे सांगितले, शस्त्रक्रियेचे सांगितले, आईने हळदीच्या दुधाचे सांगितले, आणि मग मी म्हणाले, "आई, मी आता येते. कायमची."

पलीकडे कपबशीचा आवाज आला. कोणीतरी फोनचा तो मोठा आवाज बंद केला असावा, कारण त्यानंतर आईचा आवाज जवळून आला.

"कायमची म्हणजे?" ती म्हणाली. "तुझी खोली आता बाळूच्या अभ्यासाला दिलीय. आणि इथे येऊन तू करणार काय? लोक विचारतील ते मलाच विचारतील गं. तेव्हाही मलाच विचारत होते."

'तेव्हा' म्हणजे २०१२. माझ्या लग्नाचे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे. त्या वर्षी मी घरी परत आले होते आणि आई ते एक वर्ष कोणाच्या हळदीकुंकवाला गेली नव्हती.

मी म्हणाले, "नाही गं, दुखतंय म्हणून बोलले." मग आम्ही आंब्याच्या मोहोराविषयी बोललो.

या संभाषणाला सात वर्षे होत आली आणि त्या रुग्णालयातल्या खाटेवरच्या बाईशी माझा वाद अजून मिटलेला नाही. ती म्हणते की सगळे 'ये' म्हणतात, पण येते म्हटल्यावर जागा नसते. मी तिला सांगते की आईने 'नको' म्हटले नव्हते, 'कायमची म्हणजे?' असे विचारले होते, आणि विचारण्याचा तिला हक्क होता. जिने गावात राहून माझ्या वाटचे बोलणे ऐकून घेतले, तिने पुन्हा ते ऐकण्याआधी श्वास घेतला, एवढेच. त्यावर ती बाई म्हणते, मग तू त्यानंतर पुन्हा का नाही विचारलेस? याला माझ्याकडे उत्तर नाही. दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे. बाळूला खोली दिलीत त्यात काहीही चुकले नव्हते. रिकामी खोली कोणासाठी आणि किती वर्षे ठेवायची असते? माझ्या मनात राग नाही असे मी लिहिणार होते, पण ते पूर्णपणे खरे नाही, म्हणून लिहीत नाही.

हाताचे प्लास्टर निघाल्यावर त्याच मार्चमध्ये मी ओकिनावाला गेले. घर बघायला गेले होते, सहलीला नव्हे, हे मी कोणाला सांगितले नाही. साप्पोरोत रस्त्याकडेला बर्फाच्या काळ्या भिंती होत्या, आणि चार तासांनी नाहाला, ओकिनावाच्या मुख्य शहरात, विमानाचे दार उघडले तेव्हा ओल्या मातीचा वास आला. नाहा तसे नागपूरच्याही उत्तरेला आहे, त्याला कोकण म्हणणे भूगोलात बसत नाही. पण तिथे जास्वंदीच्या कुंपणांची घरे आहेत, छपरांवर लाल कौले आहेत, बाजारात कारल्यांचे ढीग आणि हळदीच्या पुड्या आहेत. ओकिनावाचे मानाचे फूल 'देईगो' म्हणून जे दाखवतात तो आपला पांगारा आहे. तो फुलायला लागलेला होता, आणि मी फुटपाथवर उभी राहून रडले. उत्तरेकडे मोतोबूच्या बाजूला बिसे नावाचे गाव आहे, तिथे वादळवारा अडवण्यासाठी घरांभोवती 'फुकुगी'च्या रांगा लावलेल्या आहेत. जाड, चकचकीत पाने पाहून मी जवळ गेले. ते रातांब्याच्याच कुळातले झाड आहे. अंगण झाडणाऱ्या एका बाईंना मी विचारले की याची फळे तुम्ही आमसुलासारखी वाळवता का. त्या म्हणाल्या, याचे फळ कोणी खात नाही, त्याला वास येतो. मग त्यांनी मला बसायला सांगितले, आणि मी कुठून आले आणि का आले हे ऐकल्यावर म्हणाल्या, "उबेसाठी पुष्कळ येतात. वादळे आणि बुरशी पाहिली की तीनेक वर्षांत जातात." त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण १९४५ च्या लढाईत होरपळलेल्या, १९७२ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यात राहिलेल्या, आणि आजही ज्यांच्या घरांवरून लष्करी विमाने जातात त्या लोकांच्या अंगणाला मी माझे औषध समजत होते, हे मला त्यांच्यासमोर बसून प्रथम जाणवले.

नाहातल्या शुरीच्या टेकडीखाली एक घर मला आवडले. दोन खोल्या, दक्षिणेला व्हरांडा, दार दिवसभर उघडे ठेवता येईल असे. काम मात्र मिळत होते ते एका हॉटेलात, आताच्या पगाराच्या दोन तृतीयांशावर. इथे मी यंत्रांच्या पुस्तिकांचे भाषांतर करते, त्या कामाची तिथे कोणाला गरज नव्हती. मी परत आले. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पहाटे शुरीच्या किल्ल्याचा मुख्य महाल जळताना मी कामावर जाण्याआधी टीव्हीवर पाहिला, आणि त्या टेकडीखालच्या व्हरांड्यातून तो कसा दिसत असेल याच विचारात दिवसभर राहिले. राहायला न गेलेल्या घरासाठी जीव कासावीस होतो, हे मला तेव्हा कळले.

तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर. ओकिनावाचे नाव मी घेते कारण तिथे मी 'कायमची' गेले तर कोणीही कोणाला काही विचारणार नाही. रत्नागिरीचे नाव घेत नाही कारण तिथे विचारावे लागते. आणि साप्पोरोत राहते ते केवळ नाइलाजाने, असे तुम्ही समजू नका. इथे मी रात्री अकराला एकटी चालत घरी येते आणि कोणी मान वळवत नाही. प्लास्टरमध्ये होते ते सहा आठवडे माझ्या वाटणीचा बर्फ रोज पहाटे मी उठायच्या आधी कोणीतरी काढलेला असे, आणि ते कोण हे मला फावड्याच्या छोट्या छोट्या खुणांवरून कळत असे. आता आजींच्या दारापुढचा बर्फ मी काढते. त्या आता ८४ वर्षांच्या आहेत. मी गेले तर त्यांचा बर्फ कोण काढील हा प्रश्न तुमच्यापैकी कोणी मला विचारलेला नाही, आणि विचारावा अशी अपेक्षाही नाही. पण मी तो स्वतःला विचारते, आणि कधी कधी तोही माझा नवा आडोसा तर नाही ना, अशी शंका घेते.

गेल्या आठवड्यात 'युकिमुशी' दिसल्या. कापसाचा कण उडावा तशा या किड्या पहिल्या बर्फाच्या थोड्या आधी हवेत तरंगतात. त्या दिसल्या की त्या रात्री मी नाहाची भाड्याची घरे पाहत बसते. दर वर्षी पाहते. या वेळी एका घराविषयी चौकशीही केली, आणि दलालाने लगेच उलट विचारले की राहायला कधीपासून येणार.

त्याच रविवारी आईचा फोन होता. ती आता ७४ वर्षांची आहे. पायात खिळ्यांचे बूट घालतेस ना, हे तिने नेहमीप्रमाणे विचारले, आणि मग, मी काही न विचारता, म्हणाली, "पडवीच्या वर एक खोली काढावी म्हणते. दादाशी बोललेय मी. जिना बाहेरून ठेवू, म्हणजे तुला कोणाची अडचण नको." मी म्हणाले, "पावसाळा संपू दे, मग बघू." नोव्हेंबर होता, पावसाळा संपलेला होता. तिने ते मला दाखवून दिले नाही.

तिला अजून उत्तर दिलेले नाही. नाहाच्या दलालालाही नाही. टाकीत रॉकेल पाव राहिले आहे आणि गाडी गुरुवारी येईल.