मैत्रीला लागणारे तास

मैत्री आपसूक जुळते म्हणतात. पण तिलाही तास घालावे लागतात, आणि किती, हेही मोजून झालेले आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या 2018च्या अभ्यासात नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास लागले, जिवलग व्हायला 200हून जास्त. गोम अशी की कचेरीत एकत्र काम केलेले तास यात फारसे उपयोगी पडत नाहीत.

गोव्यात हे उपयोगी पडणारे तास चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी फुकट मिळतात. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची लाकडी चौकट, बांधायला एकटा माणूस पुरत नाही. एक स्टुलावर, दुसरा खालून वस्तू देणारा. नारळाची पेण, केळ्यांचा घड, सुपारीचा शिपटा अशा जड वस्तू आधी, दोन्हीकडे तोलून; कवंडळं, आंबाडे, घागऱ्या असा हलका रानमेवा शेवटी. एका बाजूला भार जास्त झाला की चौकट कलते आणि केवणीच्या, म्हणजे रानझुडपाच्या सालीच्या, दोराच्या गाठी पुन्हा सोडाव्या लागतात. तेवढ्यात "बाबांचे रिपोर्ट आले काय रे?" हे विचारून होते. समोरासमोर बसून हाच प्रश्न घशात अडकला असता.

परदेशी गेलेल्यांशी मात्र वेळ ठरवूनच बोलावे लागते. दुबई आपल्या दीड तास मागे, लंडन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. "कधीतरी बोलूया" म्हटले की ते चवथीपर्यंत राहिलेच. वार ठरवावा.

खरी कसोटी पैशांची. सोसायटीच्या कर्जाला मित्र जामीन राहायला सांगतो, आणि 'आधी त्याच्याकडून वसूल करतील, मग आपल्याकडे येतील' असे वाटून आपण सही करतो. 1872च्या करार कायद्याचे कलम 128 सांगते, करारात वेगळे काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. हप्ते थकले की नोटीस थेट तुमच्या दारात येऊ शकते. जमणार नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणावे. "घरी विचारतो" म्हणून महिनाभर लटकवलेला मित्र नकारापेक्षा त्या महिन्यामुळे जास्त दुखावतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

उसने द्यायचे तर बँकेतून द्यावेत. 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त उसने रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे. परतीची तारीख मेसेजवर लिहून घ्यावी. दाव्याची मुदत तीन वर्षांची, ती भिडेपोटी गप्प राहण्यातच निघून जाते. त्याहून वाईट म्हणजे त्याने नवा मोबाइल घेतला की आपल्याला आपले पैसे आठवू लागतात. चहाचे बिल तो देत असतानाही मनात वजाबाकी चालते.

म्हणून मागावेत, पण हप्त्याने आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. वीस तारखेनंतर केलेला फोन तो उचलणार नाही, आणि मग दोघेही आठवडाभर उगाच एकमेकांना चुकवत राहतील.