तीन शिट्ट्यांचा बिहाग

घरगुती मैफलींच्या कॅसेटी जमवणाऱ्या माणसासमोर ‘आमच्याकडे आहे ती’ असं चुकूनही म्हणू नये. मी म्हणालो. तेही राम मराठे संगीत समारोहाच्या मध्यंतरात, ठाण्याच्या गडकरी रंगायतनमध्ये, हातात बटाटेवडा असताना. 84च्या गणपतीत एक बुवा आमच्या नौपाड्यातल्या घरी गायले होते आणि बाबांनी ते टेप केलं होतं, एवढंच मी मित्राला सांगत होतो. शेजारच्या अनोळखी गृहस्थांचा वडा तोंडाशी जाता जाता थांबला.

“बिहाग?”

“हो, पण तुम्हाला कसं...”

“तीन शिट्ट्यांचा?”

(बुवांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्या बिहाग रागात कुकरच्या शिट्ट्या आहेत हे त्यांनी जन्मात कबूल केलं नसतं.)

तोवर मला कल्पनाच नव्हती की ही एक वेगळी जमात आहे. यांना दुकानातलं काही नको असतं. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत बुवा नुसते डोकावून जातात, बसतात ते मैफलीतच, असं यांचं म्हणणं. त्यामुळे शोध कुणाच्या तरी माळ्यावरच्या, बाबांच्या नाहीतर आजोबांच्या अक्षरातल्या कॅसेटींचा. त्यातही एकाच बुवांचे चार-चार बिहाग फिरत असतात, मग ओळखायचे कसे? तर आवाजांवरून. खोकल्याचा मालकंस, लाइट गेलेला दरबारी, पानाच्या डब्याचा मारवा. यांच्यात विक्री निषिद्ध. कोरी कॅसेट द्यायची, सोबत आपल्याकडचं एखादं चांगलं गाणं द्यायचं, आणि मग मागायचं. नुसतं घेऊन बसणाऱ्याला ‘नाग’ म्हणतात.

हे वेड काही आपल्याकडचंच नाही म्हणा. अमेरिकेत डॅनियल जॉन्स्टन नावाचा गायक घरातल्या साध्या टेपरेकॉर्डरवर गाणी करून ऑस्टिनच्या रस्त्यात लोकांना कॅसेटी वाटायचा. सुरुवातीला कॉपी करायची सोयच नव्हती, म्हणून प्रत्येक नव्या माणसासाठी तो सगळी गाणी पहिल्यापासून पुन्हा गायचा. म्हणजे त्याची प्रत्येक कॅसेट वेगळी. हे ऐकल्यावर मला तो एकदम ख्यालगायकच वाटला.

रविवारी गृहस्थ नेरूळहून ट्रान्स हार्बरने ठाण्याला आले. सत्तरी ओलांडलेली, खांद्याला झोळी. झोळीतून एक डेक निघाला, बारीक पेचकस, स्पिरिट, कापूस आणि एक पेन्सिल. आमची कॅसेट त्यांनी नाकाशी नेऊन हुंगली. “बुरशी नाही,” म्हणाले, आणि पेन्सिल चाकात घालून इतक्या हळू फिरवू लागले की आई आतून बघून गेली. मग टेप वाचणाऱ्या हेडपाशी पेचकस घालून कणभर फिरवला. बाबांच्या मशीनचं हेड आणि यांचं हेड एका रेषेत नसेल तर आवाज कांबळं पांघरल्यासारखा येतो म्हणे. पेच फिरला आणि तानपुऱ्याची जवारी अशी उघडली की मला बाबा हॉलमध्ये आल्यासारखं वाटलं.

“काळी एक,” गृहस्थांनी डोळे मिटून बुवांची पट्टी सांगितली. “माझ्याकडे पाचव्या हाताची कॉपी आहे, तिच्यात बुवा पांढरी दोनमध्ये गातात.” कुणीतरी उतरलेल्या सेलवर कॉपी करतं, टेप मंद भरते, पुढे चांगल्या मशीनवर ती जोरात पळते आणि पट्टी चढते. वय वाढत गेलं तसे बुवा वर वर गेले!

मग पहिली शिट्टी झाली. खरं तर ती होण्याआधी दोनेक सेकंद तिची पुसट चाहूल लागली. नव्वद मिनिटांची फीत पातळ असते आणि गुंडाळून वर्षानुवर्षं पडली की एका वेढ्याचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, असं त्यांनी समजावलं. शिट्टीनंतरची गंमत तर मी इतक्या वर्षांत टिपलीच नव्हती. बाबांचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डर, आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारा. शिट्टी किंचाळली की तो घाबरून सगळाच आवाज खाली ओढायचा. बुवा पाण्याखाली गेल्यासारखे व्हायचे आणि गंधार धरून हळूहळू वर यायचे. गृहस्थांच्या चेहऱ्यावर दर वेळी बुवा वाचल्याचा आनंद.

दुसरी शिट्टी. तिसरी. आणि लगेच खट्ट. मागोमाग दहा वर्षांच्या मुलाचा चिरका आवाज : “आणि रवी शास्त्री ऑडीच्या टपावर चढलेला आहे!”

तो मीच. मार्च 85, मेलबर्नची फायनल आपण जिंकली त्याच आठवड्यातलं माझं समालोचन. वर दुसरं काही टेप होऊ नये म्हणून बाबांनी कॅसेटचा दात मोडून ठेवला होता, मी त्या भोकावर सेलोटेप चिकटवली होती. शास्त्रीय संगीतावर शास्त्री चढवला होता. सहा मिनिटं. बाबा त्या वेळी मला काही बोलले नाहीत, फक्त टू-इन-वन कपाटात गेला.

मला वाटलं आता गृहस्थ उठून जातील. त्यांनी शांतपणे झोळीतली दुसरी कॅसेट लावली. बाबांनी त्याआधी कुणाला तरी पंधरा दिवस ऐकायला दिली होती, तिचीच ही पाचवी पिढी. खरखर इतकी की पाऊसच. तिसरी शिट्टी, बुवा खाली, बुवा वर, आणि मग गाणं थांबवून त्यांचा आवाज : “चला, भात झाला.” हॉलभर हशा. त्या हशातच तबल्याची थाप आणि बुवा समेवर.

हशात बाबा होते. मी ती जागा चार वेळा लावायला लावली.

चौथ्या वेळी आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. “भात नव्हता तो,” ती म्हणाली. “डाळ होती. आणि पाच शिट्ट्या करायच्या होत्या. बुवा बोलले तशी मला लाज वाटली, मी गॅस बंद केला. कच्ची डाळ वाढली सगळ्यांना. कुणी बोललं नाही.”

गृहस्थांनी खिशातून पेन काढलं आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, “वहिनी, गॅस बंद केलात तेव्हा द्रुत सुरू झाली होती का हो?”