तेल्या येण्याआधीचे काही तास

डाळिंबावर तेल्या या जिवाणूजन्य रोगाचा पहिला डाग दिसतो, तोवर जिवाणू पानाच्या आत मुक्काम ठोकून बसलेला असतो. मग पुरंदर-इंदापूरकडच्या बागांत तांब्याचं औषध फवारलं जातं. ते पृष्ठभागावरच्या जिवाणूंना मारतं, आतल्यांपर्यंत पोचत नाही. पहिली झटापट त्याआधीच, पर्णरंध्रांच्या (पानावरच्या सूक्ष्म छिद्रांच्या) तोंडाशी, काही तासांत होऊन गेलेली असते. तिचा बारीक तपशील कळला तो अराबिडोप्सिस (प्रयोगशाळेत वापरलं जाणारं मोहरीच्या कुळातलं छोटं रोप), टोमॅटो आणि 'स्युडोमोनास सिरिंगी' या जिवाणूमुळे. तेल्या आणणारा झँथोमोनास हा जिवाणू वेगळा, पण पर्णरंध्रातून घुसणाराच.

जिवाणूच्या पोहायच्या शेपटीत फ्लॅजेलिन हे प्रथिन असतं. त्यातला २२ अमिनो आम्लांचा तुकडा (फ्लॅग२२) पेशीच्या पडद्यावरचा एफएलएस२ हा रिसेप्टर (संकेत ओळखणारं प्रथिन) पकडतो. काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, बाहेर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं आणि तासाभरात पर्णरंध्रं मिटतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. टोमॅटोच्या कोवळ्या, पण पूर्ण उघडलेल्या पानातून ४ मिलिमीटरच्या चकत्या काढा आणि रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवा. ही रात्र वाचवू नका: कापल्यामुळेही पान पेरॉक्साइड सोडतं, आणि त्या गोंधळात फ्लॅग२२ चा संकेत हरवतो. सकाळी पाणी काढून १०० नॅनोमोलर फ्लॅग२२, ३४ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ल्युमिनॉल आणि २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज (एक एंझाइम) असलेलं द्रावण घाला. पेरॉक्साइड असेल, तर या एंझाइममुळे ल्युमिनॉल चमकतं. ल्युमिनॉल डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचं आणि अंधारात ठेवायचं. १ मिलिग्रॅम फ्लॅग२२ साधारण ४४० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवलं की १ मिलिमोलर साठा होतो. त्याचे छोटे भाग करून गोठवा, पुन्हापुन्हा वितळवू नका. ल्युमिनोमीटरवर (उजेड मोजणाऱ्या यंत्रावर) उजेड २-३ मिनिटांत चढू लागतो, १०-१५ मिनिटांच्या आसपास शिखर गाठतो आणि मग ओसरतो. एकाच रोपाच्या चकत्यांतही बराच फरक पडतो, म्हणून प्रत्येक गटाला किमान ८ चकत्या हव्यात. सोबत एल्फ१८ लावून बघा. हा जिवाणूच्याच दुसऱ्या एका प्रथिनाचा तुकडा, पण तो ओळखणारा रिसेप्टर मोहरी-कोबीच्या कुळातच आहे. टोमॅटोने त्यालाही प्रतिसाद दिला, तर तुमचं द्रावण दूषित आहे.

शेपटी टाकून देणं जिवाणूला परवडत नाही, म्हणून तो ती लपवतो. टोमॅटोत मर रोग आणणाऱ्या राल्स्टोनियाचा हा तुकडा इतका बदललेला आहे की टोमॅटोचा रिसेप्टर तो ओळखतच नाही. काही स्युडोमोनास शेपटीवर साखरेचं वेष्टण चढवतात, आणि सुटं पडलेलं फ्लॅजेलिन स्वतःच्याच एंझाइमने तोडून टाकतात. सिरिंगीच्या काही वाणांकडे कोरोनाटिन हे विष असतं. मिटलेली पर्णरंध्रं त्याने ३-४ तासांत पुन्हा उघडतात.

आत शिरल्यावर सुईसारख्या नळीतून जिवाणू थेट पेशीत प्रथिनं टोचतो. सिरिंगीच्या डीसी३००० या वाणाकडे अशी सुमारे ३० आहेत. त्यातलं एव्हीआरपीटीओबी हे एफएलएस२ वर नष्ट करण्याची खूण लावतं, म्हणजे पहारेकरीच गायब. यावर रानटी टोमॅटोतून आलेलं पीटीओ जनुक उपयोगी पडतं: टोचलेलं प्रथिन ओळखून ती पेशी मरते आणि जिवाणू तिथेच अडकतो. मात्र ते प्रथिन नसलेल्या किंवा बदललेल्या जिवाणूच्या वाणापुढे हेच जनुक निरुपयोगी ठरतं.

म्हणून रोपाच्या प्रतिकाराची चाचणी कशी करता, याला फार महत्त्व आहे. सुईविना सिरिंजने जिवाणू पानात भरला, की पर्णरंध्रांचा टप्पाच वगळला जातो. एफएलएस२ नसलेली अराबिडोप्सिसची रोपं फवारणीत जास्त आजारी पडली, पण सिरिंजने भरल्यावर साध्या रोपांइतकीच. हे २००४ साली दिसलं. पिकाचा प्रतिकारक वाण निवडताना मी तरी फवारणीशिवाय निकाल मानणार नाही. फवाऱ्यासाठी मिलिलिटरला सुमारे १० कोटी जिवाणू आणि ०.०२ टक्के सिल्वेट (द्रावण पानावर पसरवणारा पदार्थ) घ्या. सिरिंजसाठी या जिवाणूंचा शंभरावा किंवा हजारावा हिस्साच पुरतो.

आर्द्रताही मोजा. सिरिंगीची दोन प्रथिनं पेशींमधल्या फटी पाण्याने भरतात, पण हवा जवळजवळ संपृक्त असेल तरच हा डाव साधतो. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या हवेत उघड्या बाकावर ठेवलेली रोपं निरोगी दिसतील, जुलैत तीच लोळतील. दोन्ही वेळा रोपांवर पारदर्शक झाकण ठेवा आणि आतली आर्द्रता वहीत नोंदवा, नाहीतर ऋतूचा फरक तुम्ही वाणाच्या नावावर जमा कराल.