येतं की इंग्रजी, मग दुभाषी कशाला?

कॅलिफोर्नियाच्या कोर्टांत मराठी दुभाषी म्हणून काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "आपल्या लोकांना येतं की इंग्रजी, त्यांना दुभाषी कशाला?" आणि पाठोपाठ, "लागलंच तर घरातलं कुणी सांगेल समजावून." तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपले लोक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आयटीतला मुलगा येतो. आम्हाला बोलावणं येतं ते दुसऱ्याच माणसांसाठी. नातवंडं सांभाळायला आलेल्या आजींसाठी, ज्यांनी अपघात समोर घडताना पाहिलाय. लग्न करून डिपेंडंट व्हिसावर आलेल्या मुलीसाठी, जिला दुकानापुरतं, शाळेपुरतं इंग्रजी छान येतं. पण नवऱ्याने काय केलं हे त्याच्याच समोर, त्याच्या वकिलाची उलटतपासणी झेलत सांगायचंय. अशा वेळी शिक्षकांशी बोलण्याइतकं इंग्रजी पुरत नाही.

आणि घरातलं माणूस? तिथेच तर घोळ होतो. आजी बोलणार सुनेबद्दल आणि सांगणार मुलगा! तो खोटं बोलेलच असं नाही, पण टोचणारं गाळेल, अर्धवट वाक्य पुरं करेल, मध्येच "आई, हे राहू दे" म्हणेल. जजला यातलं काहीच कळत नाही, आणि कोर्टाच्या लेखी नोंदीवर जातं ते मुलाचं इंग्रजी.

आमच्या कामातल्या खटल्यांबद्दल बाहेर बोलायचं नाही, हे बंधन आहे आणि मला ते पटतं. म्हणून जाहीर नोंदीतला दाखला देते. पोर्टो रिकोहून न्यूयॉर्क राज्यात आलेल्या नेग्रॉन नावाच्या शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हतं, आणि बहुतेक साक्षी इंग्रजीत. सरकार पक्षाच्या दुभाषी बाईंनी दोनदा, मधल्या सुट्टीत, दहा-वीस मिनिटांत त्याला झालेल्या साक्षींचा गोषवारा सांगितला. बस. बाकी वेळ तो माणूस नुसता बसून होता. 1970 मध्ये फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील कोर्टाने या खटल्यात मूलभूत न्यायच झाला नाही असं ठरवलं, आणि 1978 मध्ये फेडरल कोर्टांसाठी दुभाष्यांचा कायदा आला. कॅलिफोर्नियात फौजदारी आरोपीचा हा हक्क 1974 पासून राज्यघटनेत आहे. दिवाणी दाव्यांत मात्र उत्पन्न न बघता, कोर्टाच्या खर्चाने दुभाषी देण्याची वाट 2015 मध्ये मोकळी झाली. पैसा कमी पडला तर घरगुती हिंसाचाराची प्रकरणं आधी, असा क्रमही कायद्यातच आहे.

गोषवारा चालत नाही, हे आमच्या कामाचं मूळ. साक्षीदार "मी" म्हणाला की मीही "मी"च म्हणायचं. शिवी आली तर शिवी, अडखळला तर अडखळणं. साक्षीदार मान हलवतो तेव्हा त्याचं "हो" मी करायचं नाही. जज सांगतील, तोंडाने उत्तर द्या. सगळ्यात अवघड जातं ते आजींसारख्या साक्षीदारांचं. कोर्टात आपली भाषा बोलणारं एकच माणूस दिसतं, मग त्या वळून म्हणतात, "अगं, तूच सांग ना त्यांना नीट." पोटात तुटतं. पण तेवढं वाक्यही जसंच्या तसं इंग्रजीत जजला सांगायचं आणि गप्प राहायचं. एकदा का मी त्यांच्या बाजूने सावरून घेतलं, की त्यांच्या साक्षीला काही किंमत उरत नाही.

सुधारायला हवं ते इथे आहे. कॅलिफोर्नियात पंजाबीसाठी सर्टिफाइड दुभाष्याची परीक्षा आहे, मराठीसाठी नाही. आम्ही "रजिस्टर्ड" गटात. म्हणजे वकिलाचा लांबलचक प्रश्न मराठीत नीट आणता येतो का, हे कुणी तपासलेलंच नसतं. मला हे अजिबात बरोबर वाटत नाही. मराठीची परीक्षा व्हावी, आमच्याही कामाची पारख व्हावी. लांबल्या सुनावणीला दोघं हवेत, वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलायला, कारण थकल्या डोक्याने चुका होतात. मराठीला एक मिळताना मारामार. व्हिडिओवरून दूरचा चांगला दुभाषी जोडता येतो, छोट्या तारखांना ते ठीकच. पण दिवसभराच्या साक्षीला मी समोरासमोरच बसवेन.

दुसरी अडचण आपली आपणच करतो. भारतीय म्हणून हिंदीचा दुभाषी पाठवला जातो आणि आपली माणसं संकोचाने म्हणतात, "चालेल, समजतं मला हिंदी." सिनेमा समजणं वेगळं, उलटतपासणीला उत्तरं देणं वेगळं.

तेव्हा घरात कुणाला दिवाणी किंवा कौटुंबिक कोर्टाची तारीख लागली, तर त्याच आठवड्यात दुभाषी मागण्याचा आयएनटी-300 हा अर्ज कोर्टात द्या. भाषेच्या रकान्यात "मराठी" लिहा, "इंडियन" नाही. बोली अहिराणी किंवा मालवणी असेल तर तेही लिहा. त्या दिवशी दुभाषी आलाच नाही तर मुलाला पुढे करू नका. जजकडे पुढची तारीख मागा, आणि तात्पुरता संरक्षण आदेश असेल तर तो तोवर वाढवून मागा. हे सगळं सुनावणी चालू असताना, नोंदीवर येईल असं बोला. पुढे अपिलाची वेळ आली तर वकील आधी तेच शोधतो.