पेट क्लीन आहे, मग डोक्याचा परत कशाला?

कॅन्सर मेंदूत पसरलाय का हे बघायला डोक्याचा स्कॅन सांगितला की आमच्या सीटी रूममध्ये हा प्रश्न ठरलेला. "दादा, पेट स्कॅन आत्ताच झालाय, क्लीन आलाय, आता डोक्याचं वेगळं कशाला, नुसता खर्च?" रिपोर्टवर बोलणं टेक्निशियनचं काम नाही, पण एवढं मी सांगतोच की पेटमध्ये साखरेसारखं औषध देतात, कॅन्सरच्या पेशी ते ओढून घेतात म्हणून चमकतात, आणि मेंदू मुळात साखरेवरच चालतो त्यामुळे तो आख्खाच चमकतो, त्यात बारकी गाठ कुठं दिसणार! शिवाय बऱ्याच ठिकाणी पेट कवटीच्या तळापासून मांडीपर्यंतच घेतात.

फुफ्फुस, ब्रेस्ट, किडनी आणि मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) हे मेंदूत जास्त पसरणारे. त्यासाठी एक नंबर तपासणी म्हणजे गॅडोलिनियम नावाचं औषध शिरेतून देऊन एमआरआय, सीटीवाला असून सांगतोय. पण परवा एक मावशी आल्या, फुफ्फुसाचा कॅन्सर, छातीत जुना पेसमेकर, त्यामुळे एमआरआयला नकार. मग ड्युअल एनर्जी सीटी.

कोपराजवळ शिरेत गुलाबी कॅन्युला, म्हणजे औषध सोडायची बारीक नळी, लावला. "मावशी, अंग गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, होत नाही, घाबरू नका." "अगंबाई, आधी सांगितलंत ते बरं झालं!"

तर हे आयोडीनचं डाय, म्हणजे स्कॅनमध्ये पांढरं दिसणारं औषध. निरोगी मेंदू रक्तातलं असलं काही सहसा आत घेत नाही, गाठीपाशी मात्र रक्तवाहिन्या गळक्या असतात, तिथं डाय झिरपतं, पण झिरपायला वेळ लागतो म्हणून पाचेक मिनिटं थांबून स्कॅन घ्यायचा, घाई केली की बारीक गाठ निसटते. ड्युअल म्हणजे दोन एनर्जीचे एक्स-रे, साधारण 80 आणि 140 केव्ही (किलोव्होल्ट). कमी एनर्जीला आयोडीन जास्त उठून दिसतं, आणि दोन्हींची तुलना करून मशीन आयोडीन वेगळं काढून दाखवतं. पांढरा ठिपका डायचा की रक्तस्रावाचा हे एरवी ओळखणं अवघड, यात ते कळतं, आणि मेलानोमाच्या गाठीत तर रक्तस्राव नेहमीचाच.

मागचा छोटा मेंदू मात्र अजूनही डोकेदुखीच, कवटीच्या जाड हाडांमुळे तिथं पट्टे उमटतात. 2021 ला अमेरिकेत मान्यता मिळालेलं फोटॉन काउंटिंग सीटी एक्स-रेचा एकेक कण, म्हणजे फोटॉन, मोजतं, चित्र जास्त बारीक येतं, आमच्याकडे कधी येतंय बघू.

येताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणा, मेटफॉर्मिन ही डायबेटीसची गोळी चालू असेल तर आधी सांगा, आणि पेसमेकरचं कार्ड पण आणा, हल्लीचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात, मग माझ्याकडे यायचीही गरज नाही.