ॲक्रिलिक वाळतं, पण कडक होत नाही

मागच्या जुलैत घर बदललं तेव्हा मी माझी ॲक्रिलिक रंगात काढलेली दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून, वरून प्लास्टिक गुंडाळून माळ्यावर टाकली, म्हटलं दहा वर्षांपूर्वीचा रंग आहे, कधीच वाळलाय. दसऱ्याच्या साफसफाईला काढली तर दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली. खूप हळू सोडवली तरी एकाच्या आभाळाचा तळहाताएवढा पापुद्रा दुसऱ्यावर गेला. आईच्या माहेरची विहीर होती त्यात, ती आता बुजवलीये, त्यामुळे पुन्हा समोर बसून काढायची सोयच नाही.

तेव्हापासून वाचतेय, आणि वाटतं की हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. तैलरंग हवेतला ऑक्सिजन घेत घेत वर्षानुवर्षं कडक होत जातो. ॲक्रिलिकमधलं फक्त पाणी उडतं आणि प्लास्टिकचे बारीक कण एकमेकांत मिसळून पापुद्रा तयार होतो, तो आपल्याकडच्या हवेत कायम जरासा मऊच राहतो, मे महिन्यात तर जास्तच. म्हणून धूळ त्याच्यावर नुसती बसत नाही, रुतते. बबल रॅप थेट लावला तर त्याचे गोल गोल ठसे उमटतात. थंडीत बरोबर उलटं, तापमान ५ अंशांच्या आसपास गेलं की तोच रंग ठिसूळ होतो, त्यामुळे कॅनडा-अमेरिकेतल्या नातेवाइकांना गुंडाळी करून चित्र पाठवत असाल तर त्यांना आवर्जून सांगा, पार्सल आल्या आल्या उलगडू नका, एक दिवस घरातच राहू दे.

आता पुसण्याचं. रंगाचे कण पाण्यात सुटे राहावेत म्हणून कंपन्या त्यात साबणासारखं द्रव्य घालतात, ते हळूहळू वर येतं आणि गडद रंगांवर धुरकट साय धरल्यासारखी दिसते. लंडनच्या टेट संग्रहालयाने यावर बरंच काम केलंय. ओल्या फडक्याने ती साय निघते हे खरं, पण रंग पाणी पिऊन फुगतो आणि कधीकधी फडक्यावर रंगही येतो, मग थांबायचं कुठे हे आपल्याला घरी कळत नाही. त्यामुळे कोरा, मऊ, रुंद ब्रश हलक्या हाताने फिरवायचा, बस. काच पुसायचा स्प्रे तर अजिबात नको!

कलाकारांसाठीचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग १९५० च्या दशकात आले, म्हणजे त्यातली सगळ्यात जुनी चित्रंसुद्धा जेमतेम सत्तरीची आहेत. तैलरंगाचं कसं, त्याच्यामागे पाचशे वर्षांचा अनुभव आहे. पण पिवळं पडण्याच्या बाबतीत ॲक्रिलिक तैलरंगापेक्षा खूप चांगलं टिकतं, हे मला फार आवडतं. उन्हात मात्र लावू नका, फ्लुरोसंट रंग तर लवकर उडतात.

पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बांधलं की आत ओल कोंडते आणि बुरशी येते, त्यापेक्षा जुनी धुतलेली सुती चादर बरी, तीही रंगाला न टेकता. घराच्या बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर आतून लावायचं असेल तर फ्रेमच्या मागे कॉर्कचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते. आणि नवीन चित्र नीट वाळलं की आधी ग्लॉस मीडियमचा, म्हणजे बिनरंगी चकचकीत ॲक्रिलिक द्रव्याचा, एक पातळ हात, मग काढता येणारं वार्निश, म्हणजे पुढे मळलं तरी वार्निश काढताना रंगाला धक्का लागत नाही.

विहिरीचं आभाळ मी परत रंगवलेलं नाही. तो पापुद्रा अजून दुसऱ्या चित्रावरच आहे, मीही खरवडला नाही. दोन्ही चित्रं हॉलमध्ये वेगवेगळ्या भिंतींना उभी आहेत, चित्रं दुरुस्त करणाऱ्या कुणाला तरी दाखवेपर्यंत तशीच ठेवणारे.